लिफ्ट किट घ्यायच्या आधी: थार, जिम्नी आणि जिप्सीवाल्यांसाठी

लिफ्ट किट म्हणजे गाडी उंच करायचं स्प्रिंग-शॉकअपचं सामान. ते घ्यायच्या आधी, गाडी अजून दारात उभी आहे तोवरच मोजपट्टी आणि वही घेऊन बाहेर या. कुठलं किट, किती इंच, कुणाकडून, हे सगळं नंतर. सपाट जागा बघा, टाकी फुल करा, टायरमध्ये नेहमीची हवा ठेवा आणि चारही चाकांच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिमीमध्ये लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, कारण मग टायरची झीज, हवा, फरशीचा उतार सगळं त्या आकड्यात मिसळतं आणि उद्या किट बसल्यावर गाडी नक्की किती उचलली गेली ते कळतच नाही. मी जिप्सीच्या वेळी हे केलं नव्हतं. किट बसवून आणल्यावर गाडी एका बाजूला कललेली दिसत होती, आणि ती आधीपासून तशी होती की नवीन पाट्यांमुळे (पट्ट्यांच्या स्प्रिंगमुळे) झाली हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. थारच्या वेळी मोजलं तर ड्रायव्हरची बाजू आधीच ८ मिमी खाली होती.

मग वजन. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात म्हणून जरा थांबून वाचा. लिफ्ट किटमध्ये उंची येते ती मुख्यतः स्प्रिंगमुळे, आणि स्प्रिंग निवडतात ती गाडीवर कायम किती वजन असणार आहे त्यावर. म्हणून चांगल्या कंपन्या एकाच गाडीसाठी लाइट, मीडियम, हेवी अशा दोन-तीन स्प्रिंग ठेवतात, आणि पुढची-मागची वेगवेगळी निवडायला देतात. स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी) मिळून पुढे ७०-८० किलो सहज होतात. मागे २० लिटर पाण्याचे दोन कॅन म्हणजे ४० किलो, वर रूफ रॅक, टेंट, अवजारांची पेटी, दोरखंड, बरीच मोठी स्टेपनी. हे सगळं जर बाराही महिने गाडीवर असेल तर मीडियम किंवा हेवी स्प्रिंग बरोबर आहे. पण वर्षातून एकदा लडाख आणि बाकीचे दिवस ऑफिस आणि शेत, असं असेल तर हेवी स्प्रिंग घेऊन तुम्ही अकरा महिने दगडावर बसल्यासारखे फिराल. रिकाम्या गाडीखाली हेवी स्प्रिंग टाकली की गाडी किटवर लिहिलेल्या उंचीपेक्षाही जास्त वर उभी राहते, खड्ड्यात चाक खाली लोंबत नाही, आणि चाक जमिनीला टेकलं नाही तर ट्रॅक्शन कुठून येणार?

अंदाज करत बसू नका, सरळ वजनकाट्यावर जा. खडी क्रशर, साखर कारखाना, बाजार समिती, कुठेही असतो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, आणि नेहमी बसणारी माणसं आत बसवूनच. पुढे किती, मागे किती हे दोन आकडे हातात असले की दुकानदार जे समोर पडलंय ते तुमच्या गळ्यात मारू शकत नाही.

आता स्वतःला विचारा, गाडी अडकते कुठे? आमच्या वेल्ह्याकडच्या शेताच्या वाटेवर एक ओढा आहे, पावसाळ्यात तिथले काळे दगड दरवर्षी जागा बदलतात, आणि माझी गाडी घासायची ती मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याला, म्हणजे ॲक्सलच्या मध्ये असतो त्या गिअरच्या गोळ्याला. मी दोन इंच लिफ्टचा विचार करत होतो आणि एका जुन्या मिस्त्रीने गाडीखाली बॅटरी मारून दाखवलं की मागचा ॲक्सल एकसंध आहे, तो चाकांना जोडलेला आहे, स्प्रिंग त्याच्या वर आहे, मग स्प्रिंग उंच केल्यावर ॲक्सल वर कसा जाईल? बॉडी वर जाईल, चासी वर जाईल, गोळा आहे तिथेच. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही टायरच्या वाढलेल्या उंचीच्या निम्मा. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की किटच्या जाहिराती वेगळ्याच दिसायला लागतात.

हिशोब सोपा आहे, करून बघू. थारचा २४५/७५ आर १६ टायर म्हणजे साधारण ७७४ मिमी उंच. त्याजागी २६५/७५ आर १६ टाकला तर ८०४. फरक ३० मिमी, म्हणजे गोळ्याखाली मिळाले १५ मिमी. जिम्नीचा कंपनीचा टायर १९५/८० आर १५, उंची ६९३ मिमी. लोक त्याला २३५/७५ आर १५ लावतात, तो ७३३ च्या आसपास, म्हणजे २० मिमी मिळाले. याची किंमतही बघा, स्पीडोमीटर जवळपास सहा टक्के कमी दाखवायला लागतो, गिअर लांब झाल्यासारखे वाटतात आणि जिम्नीच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनला चढावर ते लगेच जाणवतं.

मग सस्पेन्शन लिफ्टचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि चांगला आहे. एक म्हणजे मोठा टायर पूर्ण वळवल्यावर आणि पूर्ण दबल्यावर मडगार्डला घासू नये म्हणून जागा होते. दुसरं, पोट. पाच दाराच्या जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिमी आहे आणि रॅम्पओव्हर कोन (पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन) २४ अंश, म्हणजे बांध ओलांडताना पोट टेकण्याची शक्यता बरीच. तिथे ५० मिमी लिफ्टने माझ्या कागदावरच्या हिशोबाने तीन-चार अंश वाढतात आणि हा फरक बांधावर खरोखर कळतो. तिसरं, बंपर, म्हणजे ओढ्यातून वर चढताना पुढचा आणि उतरल्यावर मागचा. नवीन थारला पुढचा कोन, म्हणजे बंपर न टेकता चढता येणारा चढ, ४१ अंशांच्या पुढे मुळातच मिळतो, त्यामुळे तुमचा पुढचा बंपर टेकत असेल तर आधी तो बंपर बाजारातून घेतलेला आहे का ते बघा, बऱ्याचदा लोक जड स्टीलचा रुंद बंपर लावून तो कोन घालवतात आणि मग तो परत मिळवायला लिफ्ट टाकतात.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी गाडी कुठे अडकते, मग टायर, मग वजन, आणि या तिन्हींमधून जी उंची निघेल तेवढीच लिफ्ट. बहुतेकांच्या बाबतीत ती दीड ते दोन इंचांत संपते. तीन-चार इंच म्हणजे वेगळंच काम आहे, त्याला ब्रेकच्या नळ्यांपासून प्रॉपेलर शाफ्टपर्यंत सगळं बदलायची तयारी लागते.

कायद्याचं इथेच सांगतो, कारण पैसे भरल्यावर कळून उपयोग नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं आहे. त्यामुळे तुमच्या आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी विचारा आणि गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमला पण. अपघात झाल्यावर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर गाडीखाली वाकतोच. ज्यांची गाडी रोज रस्त्यावर आहे त्यांना माझा सल्ला नेहमी हाच असतो की मूळ उंचीचेच पण चांगल्या दर्जाचे शॉकअप आणि स्प्रिंग घ्या. गाडी चालवायला इतकी बदलते की निम्म्या लोकांची लिफ्टची हौस तिथेच भागते. पूर्ण लिफ्टवाली गाडी ही ट्रॅकवरची, खाजगी जमिनीवरची गोष्ट समजा.

आता गाडीनुसार बघू, कारण थारला चालेल ते जिम्नीला चालेलच असं नाही.

२०२० नंतरची थार पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे दोन्ही पुढची चाकं स्वतंत्र, आणि मागे कॉइल स्प्रिंगवर एकसंध ॲक्सल. पुढे सगळ्यात स्वस्त उपाय म्हणून स्ट्रटच्या, म्हणजे पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीच्या, वर ठेवायचे स्पेसर (ठोकळे) मिळतात, काही हजारांत काम होतं, आणि म्हणूनच ते सगळ्यात जास्त विकले जातात. पण स्ट्रट खालच्या आर्मवर आतल्या बाजूला बसतो, त्यामुळे २० मिमीचा स्पेसर चाकापाशी २० पेक्षा बराच जास्त उचलतो, आणि चाक हवेत लोंबलं की ते मूळपेक्षाही खाली जातं. तेव्हा ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा (चाक वळलं-हललं तरी त्याला फिरवत ठेवणाऱ्या सांध्याचा) कोन वाढतो, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट शेवटाला टेकतो. आमच्या ग्रुपमधल्या एका थारला एका गॅरेजने जाड स्पेसर टाकून दिले, अलाइनमेंट जमेल तेवढी केली आणि पाठवून दिली. चार महिन्यांत दोन्ही सीव्ही बूट (त्या सांध्यावरची रबरी आवरणं) फाटले, ग्रीस बाहेर, चिखल आत, आणि दुरुस्तीचा खर्च चांगल्या किटच्या फरकाएवढा झाला. थारला लिफ्ट करायचीच असेल तर पूर्ण कोइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) घ्या, पुढे दीड इंचाच्या आसपास थांबा, आणि त्यापुढे जायचं तर वरचे आर्म बदलायचेच असं ठरवून बजेट काढा. पुढचा डिफ, म्हणजे डिफरन्शियल, चासीला असतो म्हणून तो लिफ्टबरोबर वर जातो, मागचा जात नाही, हे परत एकदा.

जुनी सीआरडीई थार असेल तर पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) आहे आणि मागे पाटे. टॉर्शन बारचा बोल्ट फिरवला की पुढून गाडी उचलली जाते, पैसे लागत नाहीत, म्हणून सगळे तेच करतात. त्याने चाकाची एकूण चाल वाढत नाही, फक्त गाडी त्या चालीच्या वरच्या टोकाला जाऊन उभी राहते. मग छोट्या खड्ड्यातही ठक ठक आवाज येतो, तो चाक खाली जायला जागा न उरल्याचा. थोडंसं फिरवून बाजू सारखी करा, विंचचं वजन भरून काढा, इथपर्यंत ठीक.

जिम्नी पुढे-मागे दोन्हीकडे एकसंध ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग. लिफ्ट करायला दिसायला सगळ्यात सोपी, स्प्रिंग काढा स्प्रिंग घाला. पण पुढचा ॲक्सल ज्या आर्मवर लोंबतो ते आर्म चासीला एका टोकाला धरलेले असतात, बॉडी वर गेली की ॲक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे सायकलचा पुढचा फोर्क मागे कललेला असतो ना, तसाच चाकाचा कल, त्याच्यामुळे स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. तो गेला की गाडी हायवेवर ८० ला तरंगायला लागते, सतत हात दुरुस्त करत बसावा लागतो. म्हणून जिम्नीच्या किटमध्ये कॅस्टर करेक्शनचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) किंवा बदललेले आर्म आहेत का, हा पहिला प्रश्न. दुसरा, पॅनहार्ड रॉड. हा आडवा रॉड ॲक्सलला मध्यावर धरतो, लिफ्ट केली की तो ॲक्सलला काही मिमी बाजूला ओढतो, पुढे एका दिशेला आणि मागे वेगळा, मग गाडी तिरकी चालल्यासारखी दिसते. कमी-जास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड घेतला की प्रश्न मिटतो. नुसत्या चार स्प्रिंग आणि चार शॉकअपला कुणी किट म्हणून विकत असेल तर ते अर्धं किट आहे.

जिप्सी, माझी जुनी गाडी. चारही बाजूंना पाटे, आणि ते ॲक्सलच्या खालून जातात. लिफ्टचे रस्ते तीन. नवीन जास्त कमानीचे पाटे, हा सगळ्यात चांगला. लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी कडी), हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फसवा, पुढे लांब शॅकल लावले की कॅस्टर जातो. माझ्या जिप्सीला मी हेच केलं होतं आणि वरंध घाटात उतरताना एका वळणावर स्टिअरिंग सरळ यायलाच तयार नाही, शेजारी आई बसलेली. गाडी थांबवली, सावकाश घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी शॅकल काढून टाकले. तिसरा रस्ता, पाटे ॲक्सलच्या वर घ्यायचे, ज्याला स्प्रिंग ओव्हर म्हणतात. त्याने गाडी पाच इंचांच्या आसपास उचलली जाते, दगडात अप्रतिम चालते, पण ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो, ॲक्सल पिळतो, आणि अरुंद जिप्सी इतकी उंच झाल्यावर आडव्या उतारावर भीती वाटायला लागते. ती ट्रेलरवर टाकून ट्रॅकवर न्यायची गाडी, मुलांना शाळेत सोडायची नाही.

गुरखावाल्यांना फार काही सांगत नाही, दोन्हीकडे कॉइल, दोन्हीकडे डिफ लॉक (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं), ती मुळातच तयार गाडी आहे. टायर चांगले घ्या आणि फिरा.

शॉकअपबद्दल मात्र सविस्तर. स्प्रिंग गाडी उचलते, पण ती आवरतो शॉकअप, आणि पैसे वाचवायला लोक नेमके इथेच हात आखडतात. उंच स्प्रिंगला कंपनीचा जुना शॉकअप ठेवला तर चाक लोंबताना शॉकअप आधी संपतो, म्हणजे तोच स्प्रिंगला धरून ठेवतो, दर वेळी झटका बसतो आणि काही दिवसांत सील फुटून तेल गळतं. उलटही होतं, शॉकअप जास्त लांब घेतला तर पूर्ण दबल्यावर तो रबरी बंप स्टॉपच्या आधीच तळाला लागतो आणि आतून तुटतो. म्हणून विक्रेत्याला दोन आकडे मागायचे, पूर्ण दबलेली लांबी आणि पूर्ण उघडलेली लांबी, आणि ते आपल्या गाडीवर पडताळायचे. आकडे देता आले नाहीत तर दुकान बदला. ट्विन ट्यूब (दोन नळ्यांचा) शॉकअप मऊ चालतो, बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा पडला तरी बऱ्याचदा काम करत राहतो, आपल्या सह्याद्रीतल्या हळू चालीच्या दगडी वाटांना पुरेसा आहे. मोनोट्यूबमधली (एकाच नळीच्या शॉकअपमधली) उष्णता लवकर बाहेर पडते, स्पितीसारख्या लांबच लांब नालीदार पत्र्यासारख्या रस्त्यावर तासन् तास चाललात तर तिथे त्याचा फायदा कळतो, पण त्याच्या नळीला पोचा पडला की पिस्टन अडकतो. बाहेर वेगळी टाकी असलेले महागडे शॉकअप वेगाने चालणाऱ्यांसाठी, ओढ्यात पहिल्या गिअरला त्यांचा काही उपयोग नाही. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, बिलस्टीन, प्रोफेंडर ही नावं तुम्ही ऐकाल, यातलं कुठलंही घ्या पण तुमच्याच मॉडेलच्या पार्ट नंबरचं घ्या, आणि नंतर एकच शॉकअप किंवा नुसते बुश सुटे मिळतील का ते विचारून ठेवा. एका बुशसाठी दोन महिने गाडी उभी राहिलेली मी पाहिली आहे.

बॉडी लिफ्ट म्हणून अजून एक प्रकार मिळतो, चासी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे. टायरला जागा होते, बाकी चासीखालची उंची तीच राहते. स्टिअरिंगचा जॉइंट, गिअरचे लिव्हर, रेडिएटरचे पाइप सगळं ताणलं जातं. मला तो पटत नाही.

बसवायच्या दिवशी गॅरेजमध्ये उभे राहा, सुट्टी काढा पण उभे राहा. रबरी बुशचे बोल्ट गाडी गॅरेजच्या लिफ्टवर लटकत असताना पूर्ण आवळायचे नसतात. आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीनदा दाबून हलवायची, आणि मग आवळायचे. लटकत्या अवस्थेत आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. घाईतल्या गॅरेजमध्ये हे हमखास राहतं, मिस्त्रीला काम सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा, नीट सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. मग एका चाकाखाली रॅम्प किंवा जॅक लावून गाडी पूर्ण तिरकी करायची आणि खाली झोपून बघायचं. ब्रेकची नळी ताणली जातेय का, एबीएसची वायर कुठे अडकतेय का, लोंबलेल्या चाकाची स्प्रिंग तिच्या बैठकीतून सुटतेय का, दबलेल्या बाजूला टायर स्टिअरिंग पूर्ण वळवूनही कुठे घासतोय का. दोन्ही बाजूंनी बघा, आणि रिव्हर्समध्ये वळवून पण.

तिथून थेट अलाइनमेंटला. प्रिंट घ्या, त्यात टो (चाकांची टोकं आत-बाहेर किती वळलीत), कॅम्बर (चाक बाजूला किती कललंय) आणि कॅस्टर तिन्ही आकडे असले पाहिजेत, नुसता टो करून पाठवणारे बरेच आहेत. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीला स्टिअरिंग अँगल सेन्सर परत शून्यावर आणून घ्या, नाहीतर सरळ रस्त्यावर डॅशबोर्डवर दिवा पेटतो. हेडलाइट खाली करून घ्या, दोन इंच उचललेली गाडी रात्री समोरच्याच्या थेट डोळ्यात प्रकाश मारते आणि एकपदरी घाटात हे फार वाईट आहे.

पहिले काही दिवस सावकाश. गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त झुकेल, ब्रेक मारल्यावर नाक जास्त खाली जाईल, वजनाचा मध्य वर गेलाय तो कुठल्याच शॉकअपने खाली येत नाही, तेव्हा घाटातला वेग कायमचा कमी करा. पाट्यांच्या गाडीत यू बोल्ट (पाटे ॲक्सलला धरणारे) १०० किमीला आणि परत ५०० ला आवळा, बाकीच्यांनी हजार किमीला सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासून घ्या. तोवर स्प्रिंगही थोड्या बसलेल्या असतात. मग परत तीच सपाट जागा, टाकी फुल, तीच वही, आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत चार आकडे जुन्यांच्या शेजारी लिहा. दोन बाजूंमध्ये आधी होता त्यापेक्षा १० मिमीहून जास्त फरक दिसला तर डाव्या-उजव्या स्प्रिंग अदलाबदल झाल्यात का ते आधी बघा, काही किटमध्ये ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग मुद्दाम थोडी उंच दिलेली असते आणि तिच्यावरचा नंबर बसवल्यानंतरही वाकून वाचता येतो.